वाळवीच्या सिनेमाचे अकरा शेवट

आभारप्रदर्शन हा आपल्याकडे कार्यक्रमाचा असा भाग आहे, की तो सुरू झाला रे झाला की लोक चपला शोधू लागतात. मी बावीस वर्षं बोडीटोल्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा सचिव आहे आणि बावीस वर्षांत माझं आभारप्रदर्शन एका सतरंजीशिवाय कोणी पूर्ण ऐकलेलं नाही. तीही गुंडाळायची राहिली होती म्हणून. यंदा मात्र आभार मानायची मंडळी फार झाली आहेत आणि त्यांत एक कीटक आहे, एक सरपंच आहे, आणि बरोबर चार वाजता जाणारी लाईन, म्हणजे वीज, आहे. म्हणून हे लेखी देतो. वाचणाऱ्याला चपला शोधायच्या असतील तर त्याने आताच शोधून ठेवाव्यात.

माझ्याबद्दल गावात एक गैरसमज आहे, की मी थापा मारतो. आमच्या तळ्यातल्या एका मरळ मासोळीने माझा चष्मा गिळला आणि पुढची दोन वर्षं ती कोणाच्याच गळाला लागली नाही, कारण तिला गळ लांबूनच स्वच्छ दिसायचा, ही गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. चष्म्याशिवाय पाहिली, एवढंच. पण लोकांना पुरावा लागतो. असो.

सानगडीहून निघालात की तळ्याच्या पाळीला लागून आमचं गाव, आणि गावात ग्रामपंचायतीला चिकटून एका खोलीत आमचं वाचनालय. दोन कपाटं, एकोणीसशे पुस्तकं, एक पंखा. वाचक तीन. त्यांतले दोघं पंख्यासाठी यायचे. तिसरे धर्मेंद्रभाऊ पेपरात धानावरच्या रोगांची माहिती वाचायचे आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे अशा नजरेने पाहायचे, की तो रोग मीच सोडला असावा.

आता या खोलीवर आमचे सरपंच वीरेंद्र यांचा डोळा होता. वीरेंद्र पोरगा चांगला, पण दंडाने विचार करणारा. कोणत्याशा योजनेतून गावाला व्यायामशाळेचं सामान आलं होतं आणि त्यातलं पळायचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत माझ्या दारात, व्हरांड्यात उभं होतं. मी रोज त्याला वळसा घालून आत जायचो. वीरेंद्र म्हणाला, "भय्याजी, पुस्तकं कुठंबी रायतात जी. मशीनले छत लागते."

तशात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. सोबत एक पेनड्राइव्ह. पत्राचा सारांश असा: बालवाचकांत वाचनाची गोडी निर्माण करण्यासाठी पुस्तकांविषयीचा एक अ‍ॅनिमेशनपट पाठवीत आहोत, तो दाखवावा, प्रेक्षकांचे किमान पन्नास लेखी अभिप्राय विहित नमुन्यात घ्यावेत, निरीक्षक पंचवीस मार्चला तपासणीला येतील. अभिप्राय नसल्यास मान्यता रद्द. आणि मान्यता रद्द झाली की खोली ग्रामपंचायतीची. म्हणजे मशीनची.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, ही म्हणेल, होऊ द्या बंद. पण ती सूप खाली ठेवून म्हणाली, "बावीस वर्षं तुमी सकाळी नऊले घरातून जाता. ते वाचनालय बंद झालं त तुमी दिवसभर घरी रायसान. मले नाई जमणार. काय करायचं ते करा, पण ते वाचवा."

ग्रंथालय चळवळीला इतका मनापासून पाठिंबा मी कुठल्या संमेलनातही ऐकला नव्हता. पहिले आभार तिचे.

सिनेमा दाखवायचा कुठे? शाळा परीक्षेत गुंतली होती. तेव्हा सोसायटीचं धान खरेदीचं गोदाम ठरलं. धान उचलून नेलं होतं, कोपऱ्यात शेदोनशे पोती उरली होती, दार लावलं की भरदुपारी अंधार. पडदा द्यायला मोतीलालजी पुढे आले. हे मूळचे मोहाडीकडचे विणकर, सासुरवाडीत स्थायिक झालेले. त्यांनी बिनजोडाचं पांढरंशुभ्र कापड दिलं, पण त्याला दोन्ही अंगांना तांबडी किनार होती. मी म्हणालो, "मोतीलालजी, किनार कापून टाकू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या मुलीचं नाक कापायची परवानगी मागितली होती. किनार राहिली. प्रोजेक्टर साकोलीच्या चंदनचा. तो लग्नांचे व्हिडिओ काढतो. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरलाच खुपसायचा होता, त्यामुळे मी तो आधी पाहायचा प्रश्नच आला नाही.

खरी चूक झाली ती दवंडीची. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं होतात आणि गेली तीस वर्षं नाटकाची दवंडी तेजराम देतो. त्याच्या गळ्यात शब्द भरलेले आहेत. तोंड उघडलं की तेच बाहेर पडतात. मी त्याला कागद दिला: 'बालचित्रपट, सर्व मुलांनी यावे.' त्याने तो खिशात घातला आणि ऑटोवर भोंगा बांधून सुरू झाला, "या हो या! संगीत, सामाजिक, कौटुंबिक, हास्य आणि करुण रसानं ओथंबलेला! एकच प्रयोग! एकच प्रयोग!"

मी ऑटोमागे धावलो. "तेजराम, काय सांगून राहिला गा? लहान पोरांचा सिनेमा हाये तो!"

"लहान म्हटलं त कोन येईन, भय्याजी? तुमाले पन्नास मानसं पायजे का नाई?"

आता नाटक म्हटलं की आमच्याकडे काय होतं, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. गावात नाटक असलं की लेकी माहेरी येतात, जावई येतात, व्याही येतात, घरोघरी मोठी भांडी चढतात, चार सोयरिकीही त्यातच जमतात. तीन दिवस आधीपासून एसटीतून पिशव्या घेतलेली माणसं उतरू लागली. दिघोरीहून माझे स्वतःचे साळे, म्हणजे चंद्रभागाबाईचे भाऊ, जोडीने आले. हातपाय धुऊन त्यांनी विचारलं, "भाटवे, नाटक कोन्तं हाये?"

चंद्रभागाबाईने पोळपाटावरून नजर न काढता उत्तर दिलं, "उधईचं."

उधई म्हणजे वाळवी. सिनेमाची नायिका खरंच वाळवीचं पिल्लू होती, हे पत्रातच लिहिलं होतं.

खेळाच्या दुपारी गोदामात साडेतीनशे माणसं आली. पाहुण्यांना पुढे बसवायची रीत, त्यामुळे ज्यांच्यासाठी सिनेमा होता ती चाळीस पोरं मागे ढकलली गेली आणि धानाच्या पोत्यांवर चढून बसली. दोनला सुरुवात झाली. एक तास वीस मिनिटांचा खेळ, साडेतीनच्या आत आटोपला असता. गोदामाची लाईन शेतीपंपांच्या लाईनीवर, ती चारला जाते, हे मला ठाऊक होतं. सगळं गणित बसवलेलं होतं.

सिनेमा असा होता. एका जुन्या ग्रंथालयात वाळव्यांचं एक कुटुंब राहतं. पुस्तकं खाणं हा त्यांचा घरंदाज व्यवसाय. त्यांचं सर्वांत धाकटं पिल्लू एक दिवस खाता खाता वाचायला शिकतं. मग त्याला घास जाईना. कुठलंही पान तोंडापाशी नेलं की पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चावता येईना. घरचे रागावतात. इकडे ग्रंथालय ओस पडत जातं, पुस्तकं संपत जातात, आई आजारी पडते.

आमची मंडळी नाटकाच्या सवयीने बसली होती. पिल्लू गाणं म्हणू लागलं तशी मागून आरोळी आली, "वन्स मोअर!" चंदन लग्नातला माणूस; पाहुण्यांचं मोडायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने गाणं मागे नेलं. तीनदा नेलं. मध्यंतर नव्हतं, पण लोक चहाला उठले म्हणून झालं. मग सरपंचांनी रिवाजाप्रमाणे कलावंतांचा सत्कार पुकारला. कलावंत पडद्यावर असल्यामुळे शाल आणि नारळ प्रोजेक्टरला देण्यात आला. शाल घातल्यावर प्रोजेक्टर तापला, तो निवेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं गेली.

आणि मग तो प्रसंग आला. साऱ्या ग्रंथालयात एकच पुस्तक उरलं आहे, त्याचं एकच पान उरलं आहे. शेवटचं. पिल्लू त्या पानावर उभं. एकीकडे तीन दिवसांची उपाशी आई, दुसरीकडे गोष्टीचा शेवट. पिल्लाने पहिली ओळ वाचली, डोळे पुसले, तोंड उघडलं...

चार वाजले. लाईन गेली.

त्या अंधारात साडेतीनशे माणसांनी एकदम सोडलेला सुस्कारा मी आजवर कुठल्याही नाटकात ऐकलेला नाही. पहिला आवाज सीताबाईचा. बचत गटाची ही अध्यक्ष, जात्यासारखी भक्कम बाई. "खाल्लं का वो पिल्लानं? का नाई खाल्लं?"

चंदन म्हणाला, लाखांदूरला हळदीचा कार्यक्रम आहे, सहाला पोचायचंच आहे. प्रोजेक्टर उचलून तो गेला. शालीसकट. पेनड्राइव्ह त्यातच राहिला.

आता विहित नमुन्याचा रकाना क्रमांक सात असा होता: 'चित्रपटाचा शेवट थोडक्यात लिहून तो आवडला किंवा कसे याची कारणे द्या. रकाना रिकामा सोडल्यास अभिप्राय बाद समजण्यात येईल.'

दुसऱ्या दिवशी लोक अभिप्राय द्यायला आले आणि सातव्या रकान्यापाशी अडले. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलेलं, ते हातात धरून सीताबाई म्हणाली, "भय्याजी, तुमी त आधी पायला असान ना सिनेमा?"

इथे मी एक साधा शब्द बोलायला हवा होता. नाही. पण सचिवाने सिनेमा न पाहताच गाव गोळा केलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "पायला ना. दोनदा पायला."

"मंग?"

सीताबाईचे डोळे भरलेले होते. मी म्हणालो, पिल्लाने पान फाडून अर्धं आईला दिलं, अर्धं वाचलं, आई उठून बसली. ती पदराने डोळे पुसत लिहिती झाली. पुढे तेजराम. त्याला एवढ्यात चालणार नव्हतं. त्याच्यासाठी मी ऐनवेळी एक पाल आणली आणि पिल्लाची तिच्याशी मारामारी लावली. मोतीलालजींना सांगितलं, पिल्लाने खाल्लेल्या पानांचा धागा काढून पुस्तक पुन्हा विणलं. त्यांनी तरीही सगळा अभिप्राय किनारीवरच लिहिला: 'चित्रपटातील आकाशाची तांबडी किनार उत्कृष्ट. रंग पक्का वाटला.' धर्मेंद्रभाऊ तर फुरंगटूनच आले होते. "उधईले हिरोईन करता? उद्या धानावरच्या तुडतुड्याचं लगन लावसान. औषध फवारलं का नाई कोनी?" मी म्हणालो, फवारलं, शेवटी फवारलं. ते समाधानाने सही करून गेले.

तीन दिवसांत त्रेसष्ट अभिप्राय झाले आणि सिनेमाचे अकरा शेवट. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे तीन दिवस. कोणी मला मासोळीचा पुरावा मागितला नाही.

पण माणसं एकमेकांशी बोलतात, हे मी विसरलो होतो. तळ्याच्या घाटावर कपडे धुताना पिल्लू एकीकडे जगलं, दुसरीकडे मेलं, आणि बायांचं कडाक्याचं भांडण झालं. साऱ्या जणी माझ्या दारात. मी दरवाजाच्या कडीला धरून शेवटची, म्हणजे सर्वांत मोठी थाप मारली. "अवं बाया हो, सिनेमा ज्या पुस्तकावरून काढला ते पुस्तकच आपल्या कपाटात हाये. कोन्तं, ते आता आठवत नाई. वाचा आन् पाहून घ्या."

आठ दिवसांत एकशे बेचाळीस पुस्तकं बाहेर गेली. ज्या नोंदवहीत मी वेळ जावा म्हणून भेंड्यांच्या बिया वाळवायचो, तिची पानं भरली. माणसं पुस्तक घ्यायची, आधी शेवटचं पान पाहायची, वाळवी नसली की पुढचं मागायची. पण चुकून एखादं पहिल्या पानापासून वाचलं जायचं आणि मग ते परत यायला उशीर व्हायचा. आणि आणखी एक शोध लागला. दुसऱ्या कपाटाला मागून खरीच उधई लागली होती. तिने मलपृष्ठांकडून सुरुवात केल्यामुळे पस्तीस पुस्तकांचे नेमके शेवट खाल्ले होते. लोक पुन्हा माझ्याकडे. "भय्याजी, याचा शेवट सांगा जी. तिचं लगन झालं का नाई?" बावीस वर्षांत माझी इतकी चौकशी कधी झाली नव्हती.

पंचवीस मार्चला सकाळी निरीक्षक आल्या. दामिनी मॅडम. तरुण, नीटस, फाईल छातीशी धरलेली. वीरेंद्रही आला. त्याने जाता जाता यंत्रावरचं प्लास्टिक थोडं सैल केलं, ते मी पाहिलं. दारात निम्मं गाव.

मॅडमनी त्रेसष्ट अभिप्राय वाचले. वाचता वाचता त्यांच्या भुवया एकेक पायरी चढत गेल्या. "इथे लिहिलंय, वाळवी मेली. इथे वाळवी ग्रंथपाल झाली. इथे पालीशी युद्ध. भय्याजी, या लोकांनी एकच चित्रपट पाहिला का? हे सरळसरळ बनावट अभिप्राय आहेत. पेनड्राइव्ह द्या."

पेनड्राइव्ह चंदनने एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवला होता. मॅडमनी तो आपल्या लॅपटॉपला लावला. ढोल वाजला. पडद्यावर लाखांदूरची हळद सुरू झाली आणि एक जाडगेले मामा डोक्यावर परात घेऊन नाचू लागले.

कोणी हसलं नाही, त्यावरून प्रसंग ओळखावा. वीरेंद्र हळूच म्हणाला, "म्हणजे मॅडम, खोली मोकळी समजू ना?" मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

मी उभा राहिलो. मला माझी दोन कपाटं दिसत होती, त्यांतली रिकामी जागा दिसत होती, एकशे बेचाळीस पुस्तकं घराघरांत गेली होती ती. म्हटलं, आता एकदा खरं बोलून पाहू. "मॅडम, लोकायची काही चूक नाई. चार वाजता लाईन गेली. शेवट कोनीच पायला नाई. मीबी नाई. ते अकराबी शेवट मी सांगितले. सगळे खोटे हायेत."

मग सीताबाई पुढे झाली. मला वाटलं, आता ही मला उचलून बाहेर ठेवते.

"मॅडम, या बुढ्याचं ऐकू नका. जनमभर थापा मारते हा. लाईन-बिन काही गेली नवती. म्या माया डोळ्यानं पायलं, पिल्लानं मायले अर्धं पान देल्लं!"

"अर्धं कायचं?" तेजराम ओरडला. "पालीले पालथी केली ना! टाळ्या वाजोल्या आमी!"

"फवारलं होतं," धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "औषधाचा वास आला होता मले."

मी त्या वेळी सर्वांकडे आळीपाळीने पाहिलं. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, की त्यांना ते खरंच दिसलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. आयुष्यात एकदाच खरं बोललो आणि साऱ्या गावाने मला खोटारडा ठरवलं. याहून मोठा उपकार कोणी कोणावर केल्याचं मी वाचलेलं नाही.

मॅडम गोंधळल्या. त्यांनी नोंदवही ओढली. "आणि या एकशे बेचाळीस नोंदी? याही..."

तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी पुढे आली. गुंजन, सरपंचांची धाकटी, पाचवीतली. त्या दिवशी पोत्यांवर बसलेल्या चाळिसांतली. हातात दुसऱ्या कपाटातलं पुस्तक. ते टेबलावर ठेवून म्हणाली, "परत द्यायचं हाये. आज सातवा दिवस."

मॅडमनी पुस्तक उघडलं. शेवटची दोन पानं खाल्लेली. त्या जागी वहीची दोन पानं भाताच्या खळीने चिकटवलेली, निळ्या शाईत, रेघा मारून.

"हे काय गं?"

"शेवट नवता ना. लिवला मी."

"भय्याजींनी सांगितला?"

"नाई. ते सांगत होते, मीच नाई म्हटलं," गुंजन म्हणाली. "त्यायचा शेवट रोज बदलते."

मॅडमनी ती दोन पानं वाचली. सावकाश वाचली. पेनाला टोपण लावलं. वीरेंद्र वाकून पाहत होता. लेकीचं अक्षर त्याने बहुधा पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं असावं. वाचून झाल्यावर तो सरळ उभा राहिला आणि बाहेर जाऊन त्याने यंत्रावरचं प्लास्टिक पुन्हा घट्ट बांधलं. "मशीन काय," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, "गोदामाच्या ओसरीतबी पळते."

मॅडमनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला पाठ आहे: 'वाचकांत मतभेद आहेत, म्हणजे वाचक आहेत. मान्यता कायम.' जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे दाखवला तेव्हा मला मध्येच मिटिंगला बोलावलं. खरं सांगा, तिने ते पान खाल्लं का?"

मी म्हणालो, "मॅडम, पुस्तक कपाटात आहे. सभासद व्हा."

झाल्या. एकशे त्रेचाळिसावी नोंद त्यांची आहे.

गेल्या महिन्यात कार्यालयातून नवा पेनड्राइव्ह आला. पूर्ण सिनेमा, शेवटासकट. ग्रामसभेत विषय निघाला आणि एकमताने ठराव झाला, की तो लावू नये. गावाकडे अकरा शेवट आहेत, गुंजनने परवा बारावा लिहिला. एकासाठी बाकीचे घालवायला कोणी तयार नाही. पेनड्राइव्ह मी पाकिटासकट दुसऱ्या कपाटात ठेवला आहे.

तर आभार. चंद्रभागाबाईचे झाले. तेजरामचे, की त्याने माझा कागद खिशातच ठेवला. चार वाजता न चुकता जाणाऱ्या लाईनीचे. वीरेंद्रचे. ज्या साडेतीनशे जणांनी एकच सिनेमा पाहिला नाही, त्या सगळ्यांचे. आणि दुसऱ्या कपाटातल्या उधईचे. तिला औषध मारलं, धर्मेंद्रभाऊंनी स्वतः येऊन मारलं, पण त्याआधी मी एक पुस्तक तिच्यासाठी मागे काढून ठेवलं. माझं स्वतःचं, बावीस वर्षांच्या वार्षिक अहवालांचं. तिने एक पानही खाल्लं नाही. बहुधा वाचून पाहिलं असावं.